उभयचर गाडीवरील जोडउपकरणे: बसवण्यापासून साठवणीपर्यंतचा योग्य क्रम

सहा किंवा आठ चाकांची, प्लॅस्टिकच्या होडीसारख्या तळाची आणि फुगीर टायर फिरवूनच पाण्यात पुढे सरकणारी छोटी उभयचर गाडी वापरणाऱ्यांच्या बहुतेक चुका गाडी चालवण्यात होत नाहीत. त्या होतात गाडीवर नंतर चढवलेल्या उपकरणांच्या बाबतीत. विंच (दोर ड्रमवर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) चुकीच्या वेळी ओढली जाते, बिल्ज पंपाची (तळात आलेले पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाची) वायर किल्लीच्या स्विचमागे जोडलेली असते, ट्रॅक (चाकांवरून चढवायचा पट्टा) चढवताना टायरमधली हवा तपासलेली नसते आणि आउटबोर्ड मोटर (होडीच्या मागे लावतात ती पंख्याची मोटर) मागे लटकवल्यावर गाडीचा मागचा भाग पाण्यात किती खाली गेला हे कोणी पाहत नाही. या लेखात कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात बनणाऱ्या आर्गो गाड्या आणि त्या जातीची इतर वाहने डोळ्यांसमोर ठेवली आहेत. भारतीय सैन्याने घेतलेली एटर एन१२०० ही प्रचंड टायरांची गाडी आकाराने पुष्कळ मोठी असली, तरी वजनाचा आणि पाण्याचा हिशोब तिलाही चुकत नाही.

पुढचे सर्व टप्पे एकाच गोष्टीवर उभे आहेत. प्रत्येक जोडउपकरण गाडीचे वजन वाढवते आणि बहुतेक उपकरणांसाठी गाडीच्या अंगाला भोक पाडावे लागते. जमिनीवर या दोन्ही गोष्टी खपून जातात, पाण्यात खपत नाहीत.

टप्पा १: वजनाचा हिशोब कागदावर मांडणे

गाडीच्या पुस्तिकेत आणि आत चिकटवलेल्या पट्टीवर दोन वेगळे आकडे असतात. एक जमिनीवरच्या भाराचा आणि दुसरा, त्याहून कमी, पाण्यातल्या भाराचा. हिशोबासाठी दुसराच आकडा घ्यावा. चालक, प्रवासी, सामान आणि नंतर बसवलेली उपकरणे हे सारे बहुधा त्याच आकड्यात सामावायचे असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील शब्द वाचून याची खात्री करून घ्यावी.

उदाहरणादाखल पाण्यातील मर्यादा ३५० किलो आहे असे समजू. कंसासह विंच २० किलो, संरक्षक चौकट ४० किलो, छोटी आउटबोर्ड मोटर २७ किलो आणि भरलेली इंधनाची टाकी १० किलो धरली, तर माणूस बसण्याआधीच ९७ किलो संपतात. उरलेल्या २५३ किलोंत प्रत्येकी ७५ किलोंची तीन माणसे, त्यांचे ओले कपडे, बूट आणि एखादी पिशवी एवढेच बसते. जमिनीवर सहा जण नेणारी हीच गाडी पाण्यात तिघांची होते, आणि हे पाण्याच्या काठावर उभे राहून ठरवायचे नसते. कोण उतरणार आणि कोण काठाने चालत येणार, हे घरून निघतानाच ठरलेले असावे.

वजनाइतकीच त्याची जागाही महत्त्वाची आहे. पुढे विंच लावल्यास पुढचा भाग दबतो, मागे मोटर लावल्यास मागचा दबतो आणि डोक्यावर चौकट किंवा सामानाचा कॅरियर चढवल्यास गुरुत्वमध्य वर सरकून गाडी कलंडण्याची शक्यता वाढते. म्हणून जड सामान नेहमी तळाशी आणि मध्यावर बांधून ठेवावे. सुटे सामान गाडी कलली की कललेल्या बाजूलाच घसरत जाते आणि कल आणखी वाढवते.

टप्पा २: भोक पाडणे आणि बंद करणे

कोणतेही उपकरण बसवण्याआधी गाडी पूर्ण भारासह उथळ पाण्यात उभी करून पाणी कुठवर येते, तेथे चारही बाजूंनी पक्क्या शाईने किंवा टेपने खूण करावी. ही पाणरेषा. तिच्या खाली, आणि तिच्या वर किमान एक वीतभर अंतरात, नवे भोक पाडू नये. उपकरणाची जागा गैरसोयीची झाली तरी हा नियम मोडू नये.

या गाड्यांचा तळ बहुधा पॉलिथिलीनचा असतो आणि येथेच सर्वांत जास्त फसगत होते. बाजारात मिळणारे साधे सिलिकॉन पॉलिथिलीनला नीट चिकटतच नाही. ते सुकल्यावर भोकाभोवती छान बसल्यासारखे दिसते, पण नखाने उचकटले की सालीसारखे निघते. म्हणून पाणी अडवण्याचे काम चिकटण्यावर न सोपवता दाबावर सोपवावे. त्याचा क्रम असा:

१. पायऱ्यापायऱ्यांच्या ड्रिलबिटने सावकाश भोक पाडावे. वेगाने पाडल्यास प्लॅस्टिक वितळून कड जाड होते.
२. भोकाची कड धारदार पात्याने आतून-बाहेरून साफ करावी. बोट फिरवल्यावर एकही कुसळ लागता कामा नये, कारण रबराखाली राहिलेल्या एका कुसळाशेजारूनही पाणी झिरपते.
३. बाहेरून रबरी वॉशर आणि त्यावर रुंद स्टेनलेस वॉशर, आतूनही तसेच, आणि मग स्वतः न सुटणारा नायलॉनचा नट, अशी रचना करावी.
४. रबर किंचित फुगून बाहेर दिसू लागेपर्यंतच नट आवळावा. त्यापुढे आवळल्यास प्लॅस्टिक दबते, हळूहळू सरकते आणि सांधा उलट ढिला होतो.
५. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पाना लावून पाहावा. प्लॅस्टिक रात्रीतून थोडे बसते, त्यामुळे पाव फेरा बहुधा मिळतोच.

विंच किंवा मोटरचा कंस यांसारखी ओढ सोसणारी वस्तू नुसत्या प्लॅस्टिकवर कधीही बसवू नये. ती गाडीच्या पोलादी सांगाड्यालाच, गाडी बनवणाऱ्याने दिलेल्या जागी बसवावी.

तपासणी: सांधा बाहेरून पाईपच्या पाण्याखाली दहा मिनिटे धरावा आणि आतून कोरडा वर्तमानपत्राचा कागद लावून ठेवावा. कागदावर डाग आला तर सांधा खोलून पुन्हा करावा, वरून थर चढवू नये.

टप्पा ३: बिल्ज पंप

आत आलेले पाणी बाहेर फेकणारा हा पंप सर्वांत आधी बसवावा आणि इतर उपकरणे त्यानंतर. त्याचे महत्त्व आकड्यांतून कळते. तळातील २५ मिलिमीटर व्यासाचा निचऱ्याचा बूच लावायचा राहिला आणि ते भोक पाण्याखाली ३० सेंटिमीटर असेल, तर मिनिटाला सुमारे ४० लिटर पाणी आत येते. पाच मिनिटांत २०० किलो, म्हणजे जवळजवळ तीन माणसांचे वजन, आणि तेही तळाशी मोकळे हिंदकळणारे. ताशी ११०० गॅलन असे लेबल असलेला पंप कागदावर ताशी ४१०० लिटरांहून अधिक पाणी फेकतो, परंतु तो आकडा नळी वर न चढवता मोजलेला असतो. नळीची उंची, वळणे आणि उतरलेली बॅटरी यांमुळे प्रत्यक्षात पुष्कळ कमी पाणी निघते. अशा पंपाची गाठ उघड्या राहिलेल्या बुचाशी पडली तर तो जेमतेम बरोबरी करतो. त्यामुळे पंप आहे म्हणून बूच पाहायचे नाही, असे कधीही होऊ नये.

बसवण्याचा क्रम:

१. पंप तळाच्या सर्वांत खोल जागी, बहुधा मागच्या बाजूला बसवावा. पाण्यात गाडी कोणत्या बाजूला दबते हे टप्पा १ प्रमाणे पाहून ठरवावे, अंदाजाने नव्हे.
२. नळी आतून गुळगुळीत असलेली घ्यावी आणि ती पंपापासून सतत वर चढत जावी. मध्ये झोळ पडल्यास त्यात हवा अडकते आणि पंप नुसताच फिरत राहतो.
३. नळीचे तोंड पाणरेषेच्या बरेच वर काढावे आणि त्याआधी नळीला एक उंच वळण द्यावे. नाहीतर पंप थांबल्यावर बाहेरचे पाणी त्याच नळीने आत ओढले जाऊ शकते.
४. वायर थेट बॅटरीपासून घ्यावी आणि बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज बसवावा. फ्यूज पंपाच्या लेबलवर लिहिलेल्या अँपिअरचाच असावा. किल्लीच्या स्विचमागून वायर घेतल्यास इंजिन बंद पडून किल्ली फिरवल्याबरोबर पंपही थांबतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्याची गरज असते.
५. जोड नुसते पिळून टेप गुंडाळलेले नसावेत. आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी लावलेले आणि शक्य तितके उंचावर घेतलेले जोडच वापरावेत.
६. पाण्याची पातळी वाढली की आपोआप सुरू करणारा फ्लोट स्विच आणि चालकाच्या हाताशी असलेला साधा स्विच, असे दोन्ही ठेवावेत.

तपासणी: दर फेरीआधी एक बादली पाणी तळात ओतावे. फ्लोट उचलला जाऊन पंप सुरू होतो का, धार एकसंध पडते का आणि शेवटी जाळीवर काय अडकले आहे, हे पाहावे. स्विच दाबल्यावर आवाज येतो एवढ्यावर समाधान मानू नये. पात्यात दोरा किंवा पान अडकलेला पंपही आवाज करतो.

सावधान: साखळीवर चालणाऱ्या गाड्यांत साखळ्यांचे तेल तळात ठिबकते. ते पाण्याबरोबर पंपाने तळ्यात सोडू नये. आधी शोषक कापडाने टिपून घ्यावे.

टप्पा ४: उथळ पाण्यातील चाचणी

नवे उपकरण बसवले की प्रत्येक वेळी ही चाचणी करावी. तिच्यासाठी कमरेएवढे, संथ आणि टणक तळाचे पाणी निवडावे. गाडीला काठावरून दोर बांधावा, सर्वांनी लाइफ जॅकेट घालावे आणि पूर्ण भार घेऊन दहा मिनिटे पाण्यात तरंगत राहावे. चारही कोपऱ्यांना पाण्यापासून वरच्या कडेपर्यंतची मोकळी उंची पट्टीने मोजावी. एक कोपरा इतरांपेक्षा स्पष्टपणे खाली असेल तर सामान हलवावे, आणि तरीही फरक राहिला तर उपकरणाची जागा बदलावी. बाहेर आल्यावर बूच काढून किती पाणी निघते ते भांड्यात मोजावे आणि वहीत लिहून ठेवावे. पुढच्या चाचणीत आकडा वाढला तर कोणता तरी सांधा किंवा चाकाच्या दांड्याचे सील जात चालले आहे, हे त्यावरून कळते.

टप्पा ५: विंच

चुका येथे सर्वांत जास्त होतात आणि इजा होतात त्याही येथेच, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

*निवड.* भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट ओढीची विंच घ्यावी. ५५० किलोंची गाडी आणि ३०० किलोंचा भार असेल तर १२७५ किलो. म्हणजे ३५०० पौंडांची, सुमारे १५९० किलो ओढणारी विंच पुरेशी ठरते. मात्र हा आकडा ड्रमवरील दोराच्या पहिल्या, सर्वांत आतल्या थराचा असतो. बाहेरच्या थरांवर ओढ चांगलीच घटते, त्यामुळे ड्रम भरलेला असताना विंच कमी पडल्यास ती कमकुवत आहे असे समजू नये. दोर जास्त सोडून लांबचे झाड धरावे किंवा कप्पी लावावी. कप्पीतून दोर परत गाडीकडे आणल्यास ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो. चिखलात तो कमी वेग फायद्याचाच असतो.

पाण्यात वारंवार जाणाऱ्या गाडीवर कृत्रिम धाग्याचा दोर तारदोरापेक्षा बरा, कारण तो हलका असतो, गंजत नाही आणि तुटल्यास कमी उसळतो. पण तारदोर काढून तो बसवताना पुढचा रोलरचा मार्गदर्शक तसाच ठेवू नये. तारेने पडलेले चरे धाग्याचा दोर कापतात. त्याच्यासाठी गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमचा मार्गदर्शक बसवावा.

*ओढण्याचा क्रम.*

१. प्रवाशांनी उतरून दोराच्या लांबीहून अधिक अंतरावर, बाजूला उभे राहावे. ओढल्या जाणाऱ्या रेषेत पुढे किंवा मागे कोणीही नसावे.
२. जाड चामडी हातमोजे घालून, क्लच मोकळा करून दोर हाताने सोडावा. हूकमध्ये बोट न घालता त्याला बांधलेली पट्टी धरावी.
३. झाडाला रुंद पट्टा बांधावा आणि त्यात शॅकल (खिळीने बंद होणारी मजबूत कडी) घालावे. दोर झाडाभोवती फिरवून त्याच दोरात हूक अडकवू नये, त्याने झाडही सोलते आणि दोरही चिरडतो. शॅकलची खीळ पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्यावी, म्हणजे ताणानंतर ती हाताने सुटते.
४. ड्रमवर तारदोराचे किमान पाच आणि धाग्याच्या दोराचे आठ ते दहा वेढे शिल्लक आहेत याची खात्री करावी. दोराचे टोक ड्रमला अडकवणारी खीळ भार सोसण्यासाठी नसते, भार वेढ्यांचे घर्षणच पेलते.
५. दोराच्या मध्यावर जड ओले पोते किंवा त्यासाठीचे खास आवरण टाकावे.
६. क्लच पूर्ण बसल्यावरच, इंजिन चालू ठेवून ओढ द्यावी. दोर ताणला की थांबून सर्व सांधे पुन्हा नजरेखालून घालावेत.
७. थोडे थोडे ओढावे आणि विंचच्या मोटरला मध्ये विश्रांती द्यावी. मोटरवर हात ठेवता येईनासा झाला की थांबावे.

भाराखाली विंच शंभराहून अधिक अँपिअर खेचते आणि बिल्ज पंप त्याच बॅटरीवर असतो. पाण्यात अर्धवट बुडालेली गाडी ओढत असताना बॅटरी संपली, तर विंच आणि पंप दोन्ही एकदमच थांबतात. व्होल्टमीटर १२च्या खाली घसरू लागला की ओढणे थांबवून इंजिन चालू ठेवावे.

सावधान: तरंगत असलेल्या गाडीला विंचने आडवे ओढू नये. जमिनीवर चाके आडवी ओढ सोसतात, पाण्यात मात्र गाडी सरळ कलते आणि खालची कड पाण्याखाली जाते. ओढ नेहमी नाकाच्या रेषेतच असावी.

*चढणीच्या काठावरून बाहेर पडणे.* पुढची चाके काठावर चढून नाक वर उठले की मागचा भाग खाली जातो आणि मागच्या कडेवरून पाणी आत येऊ शकते. आत साठलेले पाणीही त्याच वेळी मागे धावते. म्हणून ओढ देण्याआधी तळ रिकामा करावा आणि पंप चालूच ठेवावा. मागचे सामान पुढे घ्यावे. मागची मोकळी कड चार बोटांवर आली की ओढणे थांबवून दोर सावकाश सोडावा, गाडी पुन्हा सपाट तरंगू द्यावी आणि कमी चढणीची दुसरी जागा शोधावी. गाडी आणि काठ यांच्यामध्ये पाण्यात उभे राहून कोणीही ढकलू नये. ढिला झालेला दोर चाकांखाली किंवा मोटरच्या पंख्यात जाणार नाही याकडे एकाने लक्ष ठेवावे.

टप्पा ६: ट्रॅक

या गाड्यांत एका बाजूची सर्व चाके साखळ्यांनी किंवा गिअरांनी एकमेकांना जोडलेली असतात. एका टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याचा घेर लहान होतो, तरीही त्याला इतरांइतकेच फेरे घ्यावे लागतात. तो फरक साखळीवर ताण होऊन बसतो आणि गाडी एका बाजूला ओढते. ट्रॅक चढवल्यावर हाच दोष कितीतरी वाढतो. म्हणून आधी हवा आणि मगच ट्रॅक, हा क्रम कधीही उलटा करू नये. या टायरांतील हवा फार कमी, दोन-पाच पीएसआयच्या (दर चौरस इंचावरील पौंडांच्या) आसपास असते. पेट्रोलपंपावरील मापक एवढ्या कमी दाबाला विश्वासार्ह नसतो, म्हणून कमी दाबाचा वेगळा मापक गाडीत ठेवावा. ट्रॅकसाठी पुस्तिकेत वेगळा दाब दिलेला असतो, तोच भरावा.

दोन्ही बाजूंचा ताण सारखा आहे ना, हे वरच्या पट्ट्यावर एकाच जागी दाबून पाहावे. पहिल्या तासाभराच्या चालीनंतर पुन्हा तपासावे. डांबरी किंवा खडकाळ जमिनीवर जागच्या जागी वळू नये, तेथे ट्रॅक उतरतो आणि वळवणारे ब्रेक तापतात. टायर आणि पट्टा यांमध्ये अडकलेली काठी इंजिन बंद करून, किल्ली काढूनच हाताळावी.

पाण्यात उतरताना ट्रॅकचे वजन टप्पा १च्या हिशोबात आले आहे का, हे पुन्हा पाहावे. काही जातीचे ट्रॅक जड असतात, आणि ट्रॅकसह पाण्यात उतरण्याबद्दल पुस्तिकेत स्वतंत्र मर्यादा असेल तर तीच अंतिम मानावी.

टप्पा ७: आउटबोर्ड मोटर

नुसत्या चाकांवर या गाड्या पाण्यात ताशी पाच किलोमीटरच्या आसपासच सरकतात. समोरून वारा आला तरी त्या रेंगाळतात. आउटबोर्ड लावल्याने ही अडचण कमी होते, पण गाडीचे प्रवाहातील नौकेत रूपांतर होत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या पुरासारख्या धावत्या पाण्यात अशी छोटी उभयचर गाडी कोणत्याही मोटरसह घालू नये. साचलेले, संथ पाणी, दलदल आणि बांधांमधला चिखल हीच तिची जागा आहे.

मोटरची अश्वशक्ती कंसावर लिहिलेल्या मर्यादेत असावी. पकडीचे स्क्रू हाताने घट्ट आवळावेत, मोटरला वेगळी साखळी बांधावी आणि पंधरा मिनिटांनी स्क्रू पुन्हा आवळावेत. थरथरीने ते हमखास ढिले होतात. मोटर सुरू करण्याआधी गाडीचा गिअर न्यूट्रलला घ्यावा आणि इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवावी. थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार बाहेर पडत नसेल तर मोटर ताबडतोब बंद करावी. आपल्याकडच्या जलपर्णीने भरलेल्या तळ्यांत तिचे पाणी ओढणारे तोंड काही मिनिटांत बुजते.

काठ जवळ येताच आधी मोटर बंद, मग वर उचलणे, मग चाके चालू करणे, असा क्रम ठेवावा. खडबडीत जमिनीवर जायचे असल्यास मोटर काढून आत आडवी बांधावी. मागे लोंबणारी मोटर प्रत्येक हिसक्याला कंसाचे बोल्ट सैल करते.

टप्पा ८: छत, काच आणि संरक्षक चौकट

संरक्षक चौकट असलेल्या गाडीत जमिनीवर सीटबेल्ट लावणे आवश्यक आहे, आणि पाण्यात शिरण्याआधी तो सोडणे तितकेच आवश्यक आहे. उलटलेल्या गाडीत पट्ट्याने बांधलेला माणूस बाहेर पडू शकत नाही. काठावर थांबणे, बेल्ट सोडणे, लाइफ जॅकेटचे बंद पाहणे आणि मगच पाण्यात उतरणे, ही सवय सर्वांना लावावी. बाहेर आल्यावर उलट क्रम.

कापडी छत आणि त्याचे बाजूचे पडदे पाण्यात बंद ठेवू नयेत. इंजिन याच अंगात असल्यामुळे बंद छताखाली कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्याला वास नसतो आणि डोके जड होईपर्यंत तो जाणवत नाही. थंडीतही मागचा पडदा उघडाच ठेवावा. जोराच्या वाऱ्यात पाण्यावर जायचे असल्यास छत आणि काच दोन्ही आडवी करावीत.

टप्पा ९: परतल्यावरची देखभाल

हे काम त्याच दिवशी करावे आणि दिलेल्या क्रमानेच करावे.

१. काठापासून दूर, उताराकडे मागचा भाग करून बूच काढावेत आणि तळ पूर्ण निथळू द्यावा. काढलेले बूच किल्लीच्या कडीत अडकवावेत, म्हणजे ते लावल्याशिवाय पुढच्या वेळी किल्ली हाती येणार नाही.
२. ट्रॅक, चाकांच्या फटी आणि पंपाची जाळी यांतील वनस्पती हाताने काढाव्यात. ऑन्टॅरिओत राहणाऱ्यांसाठी ही केवळ स्वच्छता नाही. परक्या जलजीवांचा प्रसार रोखण्यासाठी तेथे १ जानेवारी २०२२ पासून होड्या रस्त्याने नेण्याआधी बूच काढणे आणि वनस्पती साफ करणे कायद्याने बंधनकारक आहे.
३. गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावे. प्रेशर वॉशरची धार चाकांच्या बेअरिंगांच्या सीलवर मारू नये, ती चिखल आणि पाणी आत ढकलते.
४. पाण्यातल्या प्रत्येक फेरीनंतर बेअरिंगांत पाण्यात न विरघळणारे ग्रीस भरावे. जुने, दुधाळ झालेले ग्रीस बाहेर पडून नवे, स्वच्छ रंगाचे दिसेपर्यंत पंप मारावा. दुधाळ रंग म्हणजे आत पाणी शिरले होते.
५. साखळ्या सुकवून तेल द्यावे आणि ताण पाहावा.
६. विंचचा दोर पूर्ण सोडून बादलीत बुडवून धुवावा. धाग्यांत अडकलेली बारीक वाळू आतून दोर कापत राहते. सावलीत वाळवून, थोडा भार देऊन, वेढ्याशेजारी वेढा बसवत गुंडाळावा. सैल गुंडाळलेला वरचा थर पुढच्या ओढीत खालच्या थरात रुततो. चकाकणारा, कडक झालेला किंवा धागे तुटलेला दोर बदलावा. तारदोराची तुटलेली तार बोटात रुतते, म्हणून तो नुसत्या हातांनी चाचपू नये.
७. आउटबोर्ड मोटर गोड्या पाण्यात काही मिनिटे चालवावी आणि उभी ठेवून निथळू द्यावी.
८. वायरींचे जोड उघडून हिरवट गंज आहे का ते पाहावे, पुसून पाणीरोधक ग्रीस लावावे आणि विंचचा रिमोट काढून कोरड्या जागी ठेवावा.

टप्पा १०: साठवण

दीर्घकाळ गाडी उभी करायची असल्यास बॅटरी पूर्ण चार्ज करून काढावी, टायरांवरचा ट्रॅकचा ताण सैल करावा आणि धाग्याचा दोर उन्हापासून झाकावा. बूच काढलेलेच असावेत आणि गाडी किंचित उतारावर असावी, म्हणजे छत गळले तरी तळात पाणी साठत नाही. जेथे पाणी गोठते अशा प्रदेशात पंपात राहिलेले चमचाभर पाणीही पाते धरून ठेवते. हंगामात पहिल्यांदा स्विच दाबताच फ्यूज जातो, आणि मोठा फ्यूज घातल्यास मोटर जळते. अशा ठिकाणी पंप तळातून काढून, जाळी उघडून, कोरडा करून घरात ठेवावा. हंगाम सुरू होताना तो परत बसवून बादलीची चाचणी आणि मग उथळ पाण्यातील चाचणी, या क्रमानेच गाडी पुन्हा वापरात आणावी.